धूळ झाडली, धूर राहिला

हिवाळ्यातल्या पहाटे मुंबईच्या एखाद्या हमरस्त्यावरचे हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. पुढे रस्ता भिजवत जाणारा पाण्याचा टँकर, मागे गोल ब्रश फिरवत कडेची माती ओढून घेणारे यांत्रिक झाडूचे वाहन आणि एखाद्या चौकात हवेत तुषार उडवणारी तोफ. त्याच वेळी पलीकडच्या गल्लीत बेकरीच्या धुराड्यातून मोडक्या फर्निचरच्या लाकडाचा धूर निघत असतो. बांधकामाच्या फाटकाशी रखवालदाराने शेकोटी पेटवलेली असते. झाडून गोळा केलेल्या पाल्याच्या ढिगाला कुणीतरी काडी लावून गेलेले असते. हमरस्त्यावरच्या कामासाठी सार्वजनिक निधी आहे, कंत्राट आहे, रोजचा अहवाल आहे. गल्लीतल्या धुरासाठी यातले फारसे काही नाही. आणि माणसाच्या फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचते ते मुख्यतः गल्लीतले.

हा विषय आत्ता काढण्याला कारण आहे. राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या आणि कित्येक वर्षांनी सभागृहांत लोकप्रतिनिधी आले. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक येथे मार्च २०२२ पासून, तर छत्रपती संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून प्रशासकांचा कारभार होता. शहरांना स्वच्छ हवेसाठी केंद्राचा पैसा मिळाला तो बराचसा याच काळात. ज्या १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार मोठ्या शहरांना हे अनुदान मिळाले, त्याचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा. एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाची पाच वर्षे सुरू होतात. जुन्या पैशाचे काय झाले हे विचारायला आणि पुढच्याचे काय करायचे हे ठरवायला याहून सोयीची वेळ नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेच्या राष्ट्रीय मानकांत सलग काही वर्षे न बसलेली सुमारे १३० शहरे त्यात घेतली गेली. त्यात महाराष्ट्राची १९ शहरे, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुंबई-पुण्याखेरीज चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली, बदलापूर, जळगाव अशी नावेही या यादीत आहेत. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे असे आधी ठरले. नंतर ते उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवले गेले. दहा लाखांवर लोकसंख्येच्या ४२ नागरी समूहांना वित्त आयोगाचा निधी, तर उरलेल्या शहरांना पर्यावरण मंत्रालयाचा, अशी विभागणी झाली. २०२१-२२ च्या एकाच केंद्रीय अर्थसंकल्पात या ४२ समूहांसाठी २,२१७ कोटी रुपये होते. शहराने स्वतःचा कृती आराखडा करायचा, कामे काढायची, आकडे कळवायचे, आणि कामगिरीनुसार पुढचा हप्ता घ्यायचा. हवा ही तोवर प्रदूषण नियंत्रण मंडळाची बाब मानली जाई. ती पहिल्यांदाच अशा रीतीने महापालिकेच्या जमाखर्चात आली.

महापालिकांनी हा पैसा कशावर खर्च केला? दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने जुलै २०२४ मध्ये देशभरच्या खर्चाचा ताळा मांडला. सुमारे १०,५६६ कोटी रुपयांच्या निधीतला ६४ टक्के वाटा रस्त्यावरची धूळ कमी करण्याकडे वळला होता. रस्ते झाडणे, त्यांच्या कडा पक्क्या करणे, पाणी मारणे अशी ही कामे. पालापाचोळा, कचरा, लाकूड जाळण्याला आळा घालण्यावर १४.५१ टक्के, वाहनांच्या धुरावर १२.६३ टक्के आणि उद्योगांच्या प्रदूषणावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले ६१ पैसे! हे देशाचे चित्र आहे. राज्यातल्या प्रत्येक शहराचे प्रमाण यापेक्षा थोडे इकडे-तिकडे असेल, पण ज्याने गेल्या काही वर्षांत महापालिकांच्या निविदा चाळल्या आहेत त्याला यात नवल वाटणार नाही.

हे प्रमाण का खटकावे, हे कळण्यासाठी कणांच्या आकाराकडे वळावे लागते. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या व्यासाचे कण आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. रस्त्याची, बांधकामाची माती बहुतांशी भरड असते. तिचा मोठा भाग नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडतो. शिंक, खोकला, कफ यांतून शरीर तो बाहेर टाकू पाहते. जळण्यातून निघणारे कण मात्र बहुतेक एक मायक्रॉनच्याही आतले असतात. डिझेल, कोळसा, लाकूड, प्लॅस्टिक यांचा धूर तो हाच. हे कण वायुकोशांपर्यंत उतरतात, तिथल्या पातळ पडद्याशी दाह निर्माण करतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. म्हणूनच पीएम २.५ चा संबंध दम्याइतकाच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि बाळाचे जन्मवजन कमी भरणे यांच्याशी जोडला गेला आहे. यातले आणखी काही कण तर कुठल्याच धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडत नाहीत. गंधकाचे आणि नत्राचे वायू, अमोनिया हे हवेतच एकमेकांशी रासायनिक क्रिया करून कण बनतात. त्यांना झाडू कसा लावणार?

यात एक साधे गणित दडले आहे. हवेतले कण मोजतात ते वजनाने, घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम असे. घनता सारखी धरली तर १० मायक्रॉनच्या एका कणाचे वजन २.५ मायक्रॉनच्या ६४ कणांएवढे भरते आणि एक मायक्रॉनच्या हजार कणांएवढे. रस्त्यावरची माती उचलली की पीएम १० चा आकडा त्यामुळे लवकर खाली येतो. बारीक कण संख्येने प्रचंड आणि वजनाने हलके. ते तसेच राहिले तरी पीएम १० च्या आकड्याला फारसा धक्का लागत नाही.

धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. बांधकामावरच्या आणि दगडखाणींतल्या मजुरांना सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाचा कायमचा आजार होतो. रस्त्याच्या मातीत टायर आणि ब्रेक झिजून पडलेले धातूंचे कण मिसळलेले असतात. एकाच वेळी अर्धे शहर खोदून ठेवले की दमेकऱ्यांचे जे हाल होतात ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नकोत. रस्ते झाडलेच पाहिजेत, बांधकामांना पत्रे आणि हिरवी जाळी लागलीच पाहिजे. पण ही महापालिकेची एरवीचीच कामे आहेत. शतकभर ती स्थानिक करांतून होत आली. हवेसाठी म्हणून आलेला जादा पैसा त्यांतच दोन तृतीयांश खपला, हा तक्रारीचा मुद्दा आहे.

या तक्रारीला आता मृत्यूंच्या नोंदींचा आधार आहे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात जुलै २०२४ मध्ये दहा भारतीय शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबई आणि पुणे ही त्यांपैकी दोन. २००८ ते २०१९ या काळातले सुमारे ३६ लाख मृत्यू आणि त्या-त्या दिवसाचे पीएम २.५ चे प्रमाण यांची सांगड संशोधकांनी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाच्या सरासरीसाठी सुचवलेली १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडल्यामुळे होणारे मृत्यू एकूण मृत्यूंच्या ७.२ टक्के निघाले. दहा शहरांत मिळून वर्षाला सुमारे ३३ हजार, त्यांत मुंबईत सुमारे ५,१०० आणि पुण्यात जवळपास १,४००. दोन दिवसांच्या सरासरीत पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढले की त्या शहरातले दैनंदिन मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात दिसले. या अभ्यासातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आकडा पुढचा आहे. शहरातल्या स्थानिक स्रोतांचा परिणाम वेगळा काढण्याची एक सांख्यिकी पद्धत संशोधकांनी वापरली, तेव्हा हीच वाढ ३.५७ टक्के आली. दूरवरून वाहत येणाऱ्या प्रदूषणावर महापालिकेचा ताबा नाही हे खरेच. पण जे शहराच्या हद्दीत जळते, तेच जास्त घातक ठरत असल्याचा हा निर्देश आहे.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुणेकरांनी लक्षात घ्यावी अशी आहे. ‘आपली हवा दिल्लीसारखी थोडीच आहे’ हे पालुपद आपल्याकडे नेहमी ऐकू येते. या अभ्यासात प्रदूषण कमी असलेल्या पातळ्यांवर धोक्याचा आलेख अधिक तीव्र चढताना दिसला आणि जास्त प्रदूषणाच्या पातळ्यांवर तो सपाट होत गेला. तुलनेने बऱ्या हवेच्या शहरात पीएम २.५ थोडे कमी केले तरी पदरात पडणारा लाभ मोठा असतो, असा त्याचा सरळ अर्थ.

तरीही कार्यक्रमाने मोजायला घेतला तो पीएम १०. त्यामागे सुरुवातीला कारण होते. २०१७ मध्ये देशातल्या बहुतेक शहरांत हाताने नमुने गोळा करणारी जुनी केंद्रे होती आणि त्यांतली अनेक पीएम २.५ मोजतच नसत. ज्याची आधीची नोंद नाही त्यातली घट कशी दाखवणार? मग निदान पीएम १० तरी, असा तो व्यवहार होता. आज मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांत पीएम २.५ तासातासाला मोजणारी स्वयंचलित केंद्रे उभी आहेत. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची प्रणाली उभी केली, त्यालाही दहा वर्षे होऊन गेली. कारण संपले, निकष मात्र तोच राहिला.

मोठ्या शहरांचा हप्ता ठरवणारा दुसरा निकष तर ‘चांगल्या दिवसां’चा आहे. हवा निर्देशांक २०० च्या आत राहिलेला दिवस या हिशेबात चांगला धरला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तक्त्यात १०१ ते २०० हा पट्टा ‘मध्यम’ आहे आणि त्यापुढे लिहिलेले आहे की, फुफ्फुसाचे विकार, दमा, हृदयविकार असलेल्यांना या हवेत श्वासाचा त्रास होऊ शकतो. निर्देशांक २०० म्हणजे पीएम २.५ चे ९० मायक्रोग्रॅम. दिवसाचे भारतीय मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे १५. म्हणजे ८५ मायक्रोग्रॅमचा एखादा दिवस भारताच्या स्वतःच्या मानकाबाहेर असूनही महापालिकेच्या खात्यात ‘चांगला’ म्हणून जमा होतो आणि पैसे मिळवून देतो. शाळेत ३५ गुणांना उत्तीर्ण करतात, इथे २५ लाच पेढे वाटले जातात.

सरकारी आकडेवारीनुसार २०१७-१८ च्या तुलनेत १३० पैकी १०३ शहरांत पीएम १० कमी झाले आहे. ही घट खोटी आहे असे म्हणायला आधार नाही. प्रश्न एवढाच, की तिच्यातली किती घट रुग्णालयाच्या दारात जाणवली?

महापालिकांना दोष देण्याआधी त्यांची बाजू पाहिली पाहिजे. यांत्रिक झाडू विकत घेता येतो. त्याची निविदा निघते, दर येतात, वाहन दाखल होते, फीत कापली जाते, देयक मंजूर होते आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र वर जाते. पैसा वेळेत खर्च झाला नाही तर पुढचा हप्ता अडकतो, म्हणून पटकन खर्च होईल असे काम अधिकाऱ्याला हवे असते. रस्ता पालिकेचा असतो, दुसऱ्या कुणाला विचारावे लागत नाही. धुराचे तसे नाही. वाहनांची तपासणी परिवहन खात्याकडे, कारखाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गॅसची वाहिनी गॅस कंपनीकडे, आणि चूल पेटते ती कुणाच्या तरी घरात. शहराच्या सीमेबाहेरच्या वीटभट्टीला किंवा औष्णिक वीजकेंद्राला महापालिका नोटीसही देऊ शकत नाही. या अडचणी खऱ्या आहेत.

पण मग जे महापालिकेच्याच हातात आहे त्याचे काय? मुंबईतल्या बेकऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’ने २०२४ मध्ये दिलेल्या पाहणीत सुमारे दोनशे बेकऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लाकडावर चालताना आढळल्या. त्यात बरेचसे लाकूड भंगारातले, म्हणजे रंग, रोगण, डिंक, लॅमिनेट चिकटलेले. ते स्वस्त पडते म्हणून वापरले जाते. त्याचा धूर साध्या जळणापेक्षाही वाईट. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितल्या. पालिकेने नोटिसा काढल्या. त्यापुढे गाडे अडखळले, आणि ते का अडखळले हे बेकरीत जाऊन पाहिले की कळते. भट्टी मुळातून बदलावी लागते, गल्लीत गॅसची वाहिनी यावी लागते, जागा भाड्याची असेल तर मालकाची संमती लागते, आणि तेवढे दिवस पाव बंद. (लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव गॅसवर येत नाही, हा वादही आहेच. तो खवय्यांनी मिटवावा.) पावाची लादी रुपया-रुपयाच्या फरकावर चालणारा हा धंदा. इथे नोटिशीपेक्षा भट्टी बदलायला अनुदान किंवा बिनव्याजी कर्ज उपयोगी पडते. स्वच्छ हवेच्या निधीसाठी याहून नेमके काम शोधून सापडणार नाही. प्रत्येक बेकरीचा परवाना पालिकेचाच असल्याने यादीही तयार आहे.

कचऱ्याचे तेच. कचरा जळतो कारण तो उचलला जात नाही. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. रोजच्या छोट्या आगी कुणाच्या छायाचित्रात येत नाहीत. सफाई कामगार पाला जाळतो म्हणून त्याच्यावर कारवाई होते. पाला नेणारी गाडी त्या रस्त्यावर आठवड्यात कितीदा येते, हे मात्र कुणी विचारत नाही. मुकादमाला दुपारपर्यंत रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे असतो, आणि ढीग संपवण्याचा बिनखर्चाचा मार्ग काडेपेटीत असतो. तो धूर सर्वांत आधी जातो त्याच्याच छातीत, तोही भल्या सकाळी, जेव्हा जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडलेली असते आणि धूर वर जाऊ शकत नाही.

पुण्यात याचे एक उत्तर हवेचा कार्यक्रम येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. पुणे महापालिकेशी करार करून तिचे सभासद, त्यांत बहुसंख्य महिला, दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात आणि घरोघरचे मासिक शुल्क हे त्यांच्या उत्पन्नाचा आधार असते. दारातून रोज उचलला गेलेला आणि वेगळा झालेला कचरा रस्त्याच्या कडेला पेटत नाही. ही एका अर्थाने शहरातली जुनी आणि स्वस्त हवा-योजना आहे. पण तिच्या कराराला मुदतवाढ मिळवण्यासाठी या बायांना अनेकदा ताटकळावे लागले. यंत्राला पैसा आणि माणसाला मुदतवाढ, असा हा उलटा न्याय आहे. अनुदानातून यंत्रे घेणे सोपे असते. माणसांचे वेतन, हातमोजे, मास्क, छातीची तपासणी हे मात्र कायमचे दायित्व वाटते.

माहुलचा अनुभव याहून कडू आहे. तिथे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या इमारतींत तानसा जलवाहिनीलगतच्या आणि इतर प्रकल्पांतल्या विस्थापितांना पाठवले गेले. श्वसनाच्या, त्वचेच्या तक्रारी घेऊन हे रहिवासी वर्षानुवर्षे भांडले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यापुढे कुणाला तिथे पाठवू नका आणि पर्यायी घर किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेही २०१९ च. हवेचा आराखडा पर्यावरण खात्याच्या एका फायलीत आणि माणसांना कुठे राहायला पाठवायचे हे दुसऱ्या फायलीत, असे चालले की हे होते.

या सगळ्यात एक खाते जवळजवळ गैरहजर आहे, ते म्हणजे आरोग्य. मुंबई महापालिका ही देशातल्या अशा मोजक्या पालिकांपैकी आहे जिच्याकडे स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केईएम, शीव, नायर, कूपर. छातीच्या बाह्यरुग्ण विभागात रोज किती माणसे आली, नेब्युलायझरवर किती मुले ठेवावी लागली, हे तिथल्या नोंदवह्यांत असते. मृत्यूची नोंदही महापालिकाच करते. ‘लॅन्सेट’मधल्या त्या अभ्यासातले ३६ लाख मृत्यू आले ते महापालिकांच्या दप्तरांतूनच. संशोधकांनी ती दप्तरे उघडली तेव्हा उत्तर मिळाले. हवेच्या निधीचा हप्ता ठरवताना मात्र ती उघडावी लागत नाहीत. केंद्राच्या आरोग्य खात्याने या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत श्वसनविकारांच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था केली आहे, पण पैशाच्या गणितात त्या आकड्यांना जागा नाही.

महापालिकेने स्वतःची नोंदवही उघडली तर काय होते, हे अहमदाबादने दाखवले आहे. मे २०१० मध्ये तिथे तापमान ४६.८ अंशांवर गेले. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जादा झाल्याचे आढळले. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू त्यामानाने अगदी थोडे होते. त्या आकड्याने पालिका हलली. २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तिथे तयार झाला. त्यात बाहेरच्या संस्थांचे साहाय्य होते, पण कामे पालिकेच्या रोजच्या यंत्रणेने केली: अंदाज आला की संदेश, रुग्णालयांत बर्फ आणि खाटा, मजुरांच्या वेळांत बदल, पाणपोया. पुढे २०१७ मध्ये याच पालिकेने पुण्याच्या ‘सफर’च्या अंदाजावर आधारलेली हवेची आरोग्य-सूचना योजनाही सुरू केली. अहमदाबादची हवा त्यामुळे शुद्ध झाली असे नाही. पण आरोग्य अधिकारी त्या बैठकीत बसू लागला.

राज्यातल्या महापालिकांत गेली काही वर्षे आणखी एक अडचण होती. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा अधिकारी आणि स्थायी समिती म्हणून तो मंजूर करणारा अधिकारी एकच असे. टँकर किती फेऱ्या मारतो, त्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी आहे की पिण्याचे, तुषार उडवणाऱ्या तोफेने किती परिसरात आणि किती वेळ फरक पडतो, हे विचारायला समोर कुणी नव्हते. आता आहे. नगरसेवकाला रस्त्यावरची यंत्रे आवडतात, कारण ती मतदाराला दिसतात आणि त्यांच्यावर नाव रंगवता येते. बदललेल्या भट्टीवर किंवा न पेटलेल्या ढिगाऱ्यावर नाव लिहिता येत नाही. त्यामुळे सभागृह भरले म्हणून निधीची दिशा आपोआप बदलेल असे मानण्याचे कारण नाही. पण आपल्या प्रभागात किती बेकऱ्या लाकडावर आहेत, कुठल्या स्मशानात अजून फक्त लाकडाची सोय आहे, कुठल्या वस्तीत अंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते, पाल्याची गाडी कुठे येत नाही, हे नगरसेवकाला प्रशासकापेक्षा नक्कीच जास्त माहीत असते. घरगुती जळण हा देशात पीएम २.५ च्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. शहरांच्या आराखड्यांत त्यावर एखादा परिच्छेद सापडतो, तरतूद क्वचितच.

निकष दिल्लीत ठरतो, पण स्वतःचा दुसरा निकष लावायला महापालिकेला कुणाची परवानगी लागत नाही. पीएम २.५ चे आकडे रोज येतात. त्यांच्या शेजारी छातीच्या विभागातली रुग्णसंख्या आणि प्रभागातले मृत्यू मांडून दर महिन्याला स्थायी समितीपुढे ठेवायला नवे यंत्र लागत नाही, निविदाही लागत नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी मुंबईत प्रत्येक विभाग कार्यालयात होतात. घनकचरा खात्याच्या अधिकाऱ्याचे दालन बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत, एखाद-दुसरा मजला वर किंवा खाली असते.